मोहियुद्दीनभाईंची श्रीलंका

श्रीपाद नेवाळकरने मेसेज लिहिला, शेवटी दोन नारळाची झाडं, एक हत्ती आणि एक लाल हृदय लावलं, आणि मग फोन उशाशी ठेवून शुक्रवारची दुपारची झोप काढली. हातून मोठं नुकसान होतं तेव्हा माणूस बहुधा असाच समाधानाने झोपलेला असतो.

'रियाध मराठी परिवार' या ग्रुपवर अभिनंदनाचं खातं श्रीपादकडे होतं. ते त्याला कुणी दिलेलं नव्हतं, पण आता काढून घ्यायचीही कुणाची छाती नव्हती. बँकेत तो दिवसभर कॉम्प्युटरच्या प्रणालीतल्या चुका शोधायचा, त्यामुळे घरी आल्यावर कुणाचं तरी काहीतरी बरं झालेलं बघायची त्याला भूक असे. कुणाची मुलगी बारावी झाली, कुणाचा अडकलेला इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, सुटला, कुणाला अखेर गाडीचं लायसन्स मिळालं, की श्रीपादचा मेसेज सगळ्यांच्या आधी. त्या माणसाच्या बायकोच्याही आधी.

त्या शुक्रवारचा मेसेज असा होता : 'आपल्या सगळ्यांना श्रीलंका दाखवणारे आपले लाडके मोहियुद्दीनभाई आता स्वतः कुबराभाभींना घेऊन श्रीलंकेला निघाले आहेत. दोघंच, बरं का. भरभरून शुभेच्छा.'

नुकसान केलं ते 'दोघंच, बरं का' या शब्दांनी. एरवी हत्ती आणि नारळ निरुपद्रवी होते.

श्रीपाद उठला तेव्हा ग्रुपवर शुभेच्छांचा ढीग पडला होता. ग्रुपमधल्या कुणीतरी तो मेसेज दम्मामच्या चुलतभावाला पाठवला होता, चुलतभावाने जिद्द्याला, आणि जिद्द्याहून तो थेट बाणकोटच्या खाडीकाठी, मोहियुद्दीनभाईंच्या गावच्या जमातीच्या ग्रुपवर उतरला होता. श्रीपाद चहा घेत होता तेव्हा तिकडे मोहियुद्दीनभाईंची थोरली बहीण तबस्सुमआपा तो मेसेज अम्मांना मोठ्याने वाचून दाखवत होती. हत्तीसकट.

मोहियुद्दीनभाई रियाधच्या बाथा बाजारातल्या एका ट्रॅव्हलच्या ऑफिसात बसत. खाली मोबाइल दुरुस्तीची दुकानं, वर हे ऑफिस. मालक म्हणजे कफील महिन्यातून एकदा यायचा, गहवा प्यायचा आणि 'कुल्लू तमाम', म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून जायचा. बाकी सगळं भाईच. ते रियाधला आले तेव्हा त्यांची दाढी काळी होती आणि हातात तिकिटांच्या कार्बनच्या प्रती असायच्या. आता दाढी पांढरी आणि तिकिटं फोनवर. मधल्या काळात निम्म्या मराठी रियाधने त्यांच्याकडून श्रीलंका घेतली होती. सुट्टीत गावी जायचं तर जायचंच, पण जाता जाता आठवडाभर कुठेतरी हिरवं बघायचं, ही वाळवंटात राहणाऱ्या माणसाची गरज त्यांनी फार आधी ओळखली होती.

भाई स्वतः कधी श्रीलंकेला गेले नव्हते. गिऱ्हाइकांनी परत येऊन जे सांगितलं त्यातून त्यांची श्रीलंका तयार झाली होती, आणि मराठी माणूस परत आल्यावर काय सांगतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्यामुळे सिगिरियाचा तो प्रचंड खडक, त्याच्यावरचा राजाचा महाल, वाटेतले सिंहाचे दगडी पंजे, हे सगळं भाईंच्या वर्णनात यायचं, पण त्याआधी यायचा नाईकबाईंचा गुडघा. कँडीच्या दंतमंदिरात वैभव साठ्यांची एक चप्पल हरवली आणि त्यांनी उरलेला दिवस मंदिरातून मिळालेल्या, दोन्ही डाव्या पायांच्या चपलांत काढला. नुवारा एलियात चहाचे मळे नजर पोचेल तिथपर्यंत, पण थंडी अशी की स्वेटर न नेलेल्या यतीन पाटलाने हॉटेलचा पडदा पांघरला. एलाच्या नऊ कमानींच्या पुलाजवळ बटाट्याची भाजी मिळते, विचारावी लागते. भाई हे सगळं पुढच्या गिऱ्हाइकाला इतक्या आपुलकीने सांगत की श्रीलंका म्हणजे आपलीच आत्याबाई, जरा हट्टी पण प्रेमळ, असं वाटावं.

त्यांच्या ऑफिसचा एक रिवाज होता. फिरून आलेल्याने येऊन बसायचं, सुलेमानी चहा घ्यायचा आणि सगळं सांगायचं. घाईत असलेल्यालाही सुटका नसे. "यल्ला, बसा. सिंहाच्या पंजापर्यंत आलात, पुढे?" आणि शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर भाई तेच सगळं फोनवरून कुबराभाभींना सांगायचे. गावी माजघरात बसून त्यांनी असा अख्खा देश ऐकला होता. नाईकबाईंचा गुडघा बरा झाला का, हे त्या दर खेपेला विचारत. नाईकबाई कधीच पुण्याला परत गेल्या होत्या, तरी भाई सांगत, "आता पुष्कळ बरा आहे."

आणि मागच्याच आठवड्यात श्रीपाद स्वतःच्या श्रीलंकेच्या सहलीचं बोलायला गेला, तेव्हा भाईंनी चहाचा कप पुढे सारत म्हटलं होतं, "ह्या खेपेला आम्हीपण. मी इथून कोलंबो, ती मुंबईहून कोलंबो. दोघंच."

बोलताना ते त्या वयात लाजले होते. श्रीपादला ते फार आवडलं.

"अजून कुणाला बोललो नाही," भाई म्हणाले होते.

शहाण्या माणसाला यातून कळलं असतं की तोंड बंद ठेवायचं आहे. श्रीपादला कळलं ते एवढंच की बातमी पहिल्यांदा आपल्याला मिळाली आहे, तेव्हा ती जाहीर करायचा मान आपला.

शनिवारी तो बाथाला गेला तेव्हा भाई नेहमीसारखे बसले होते. चहाही नेहमीसारखा आला.

"भाई, मी तो मेसेज डिलीट केला," श्रीपाद म्हणाला.

"हो का? कुठून?"

"ग्रुपवरून."

"बरं केलंत." भाईंनी चहात साखर ढवळली. ती आधीच विरघळली होती. "तबस्सुमआपाने पाठ केलाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आखातात राहणाऱ्या कोकणी माणसाची सुट्टी त्याची एकट्याची नसते. ती आधी आईची, मग बहिणींची, मग जमातीची, मग ज्यांनी ज्यांनी काही मागवलंय त्यांची, आणि उरलीच तर बायकोची. भाई दोन वर्षांनी गावी जात, तेव्हा विमानतळापासूनच घर भरलेलं असे. बायकोशी बोलायला मिळायचं ते मध्ये भाकऱ्यांची चळत ठेवून. अशा माणसाने सुट्टीतला आठवडा चोरून परदेशात, बायकोबरोबर, आणि तोही लेक सुहानाचं लग्न ठरत असताना. आपाने पाठवलेले आवाजी निरोप भाईंनी ऐकवले नाहीत, पण त्यांची लांबी श्रीपादला स्क्रीनवर दिसली. दम्मामच्या चुलतभावाचं वेगळंच होतं. तो रागावला नव्हता. त्याने लिहिलं होतं, 'आम्ही पाच जण येतो, सगळे मिळून स्वस्तात बघ.'

"आणि अम्मा?"

"अम्मा रागावली नाही. म्हणाली, जाऊन ये बाबा, मी आहे तोवर जाऊन ये." भाई खिडकीबाहेर बघत होते. "त्यापरीस शिव्या दिल्या असत्या तर मी गेलोही असतो."

"आणि भाभी?"

"तिने फोन केला. दोनच शब्द बोलली. रद्द करा."

श्रीपादला त्या क्षणी मदत करायची प्रचंड ऊर्मी आली. तो म्हणाला, आपण आपाला फोन लावू. मी बोलतो. सांगतो की माणसाला हौस असते, आठवडाभराने काय आभाळ कोसळत नाही. लग्नाचं काय, ते होईलच. भाईंनी पुष्कळ हातवारे केले, पण श्रीपादने फोन काढलाच होता. तेव्हा भाई उठले, ऑफिसचं दार लावलं आणि परत येऊन बसले.

"हे तुम्हाला सांगतोय," ते म्हणाले, "कारण नाही सांगितलं तर तुम्ही फोन लावाल."

कुबराभाभींना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांना. कळलं तेव्हा बरंच गेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही असं मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं. थेंब चालू होते, एक ऑपरेशन झालं होतं. गावात सांगितलं ते मोतीबिंदूचं. आता नळीतून बघावं तसं मधलं मधलं दिसायचं, आणि ती नळी बारीक होत चालली होती. भाभींच्या आईची नजर अशीच गेली होती, तिच्या आईचीही. श्रीवर्धनच्या ज्या घरी सुहानाचं बोलणं चाललं होतं, त्या घरी हे कळलं असतं तर त्यांनी मुलीच्या डोळ्यांकडे बघितलं असतं. म्हणून भाभींनी भाईंना शपथ घातली होती, निकाह होईपर्यंत कुणाला कळता कामा नये.

"तर म्हटलं, आहे तोवर दाखवून आणू," भाई म्हणाले. "इतकी वर्षं नुसती कानाने फिरली बिचारी. आणि श्रीलंकाच का, तर तिथे आमच्या गावचं कुणी नाही. नाहीतर कुठेही जा, दारात मावसभाऊ उभा असतो. तिकीट काढलं, एअरपोर्टवर व्हीलचेअर सांगितली. पाय चांगले आहेत तिचे. पण एकटीला जिना दिसत नाही."

श्रीपादने फोन खिशात ठेवला. ज्यांना श्रीपाद माहीत आहे त्यांना यातली गंभीरता कळेल.

"आपाला कारण सांगितलंत तर ती स्वतः बॅग भरून देईल, भाई."

"देईल. आणि भरता भरता श्रीवर्धनला फोन करून रडेल." भाईंनी रिकामा कप उचलून बघितला, परत ठेवला. "मनाने वाईट नाही ती. तुमच्यासारखीच आहे."

सुट्टी ठरलेली होती, ती भाईंनी गावीच घालवली. त्यांच्या ऑफिसात बदली माणूस आला, त्याला श्रीलंकेचं काही विचारलं तर तो कॉम्प्युटरमध्ये बघून सांगे, आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होई. परत आल्यावर भाई बारीक दिसत होते. चहा घेता घेता त्यांनी थोडं थोडं सांगितलं, एकदम नाही.

घर नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं, कारण सगळ्यांनी त्यांना माफ केलं होतं आणि ते दाखवायला प्रत्येकजण रोज येत होता. आपाने स्वतः सांदणं करून आणली. "श्रीलंकेत मिळाली असती का रे?" असं म्हणून ती हसली, आणि सगळे हसले, भाईही हसले. श्रीवर्धनची मंडळी येऊन गेली. भाभी त्या दिवशी ठरवून एकाच जागी बसून राहिल्या. सरबताचा ट्रे सुहानाने फिरवला. पाहुण्यांना वाटलं, बाई मोठ्या घरंदाज, उठत-बसत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी भाईंनी तालुक्याला काम आहे असं सांगितलं आणि भाभींना रिक्षात घातलं. रिक्षा त्यांनी खाडीवरच्या जेट्टीला नेली. तिथून पलीकडच्या काठाला फेरीबोट जाते, मोटारसायकली, जीपगाड्या, कोंबड्यांच्या टोपल्या सगळं घेऊन. दोघं फेरीबोटीत बसले. पलीकडे उतरले नाहीत, तसेच परत आले, आणि परत गेले. तिकीटवाल्याने विचारलं, चाचा काय राहिलं तुमचं? भाई म्हणाले, काही नाही.

"मी तिला म्हटलं, ही समज बेंटोटाची नदी," भाई सांगत होते. "तिथेही अशीच बोट असते, दोन्ही बाजूंनी अशीच माडांची रांग, पाण्यात मुळं बुडालेली झाडं. देशपांड्यांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांना मगर दिसली होती, तीपण सांगितली. तिने विचारलं, कुठल्या बाजूला? मी उजवीकडे हात केला. तर तिने बघितलं." ते थांबले. "डावीकडे बघितलं. मी तरीही म्हटलं, दिसली ना? म्हणाली, दिसली."

खाली बाजारात कुणीतरी अरबीत भांडत होतं, ते थोडा वेळ दोघांनी ऐकलं.

पुढची सुट्टी कधी, असं श्रीपादने विचारलं. कफीलने सांगितलं होतं, पुढच्या हजनंतर बघू. हज पुष्कळ लांब होती.

श्रीपादने स्वतःची सहल रद्द करायचं ठरवलं. घरी मीनाक्षीला कारण सांगता येईना. लग्न झाल्यापासून तिच्यापासून लपवलेली ही त्याची पहिलीच गोष्ट होती. ती त्याला पोटात दुखल्यासारखी जाणवत होती, आणि मीनाक्षी दोनदा ओवा घेऊन आलीही. शेवटी तो बाथाला गेला आणि म्हणाला, "भाई, आमचं तिकीट रद्द करा. मला नाही जावंसं वाटत."

"का?"

"का म्हणजे, कसं जाऊ?"

"जा," भाई म्हणाले. "तुम्ही नाही गेलात तर मी तिला शुक्रवारी काय सांगू?"

तेव्हा श्रीपाद गेला. मीनाक्षीला आणि दहावीतल्या लेकीला, क्षितिजाला घेऊन गेला. एरवी तो फोनमधून देश बघणारा माणूस, पण या खेपेला त्याने फोन खिशातच ठेवला आणि नुसता बघत सुटला. चहा खुडणाऱ्या बायकांच्या टोपलीचा पट्टा कपाळावरून जातो, हे बघितलं. गॉलच्या किल्ल्याच्या तटावर वाऱ्याने बोलणं उडून जातं, हे बघितलं. दंतमंदिरात ढोल वाजायला लागले तेव्हा पायाखालची फरशी कशी थरथरते, ते बूट नसलेल्या तळव्यांनी लक्षात ठेवलं. डोळ्यांनी बघितलेलं पुरणार नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. मग तो वास घ्यायला लागला, भिंतींना हात लावायला लागला. एका मसाल्याच्या बागेत त्याने दालचिनीच्या झाडाला इतका वेळ मिठी मारली की क्षितिजा म्हणाली, "बाबा, प्लीज. लोग देख रहे हैं."

सिगिरियाला खडकाच्या कडेने लोखंडी जिना वर जातो. तिथे पाटी आहे, गोंगाट करू नका, कपारीतल्या गांधीलमाश्या उठतात. श्रीपाद त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. इतके लोक शिस्तीत, गप्प, एकामागून एक वर चालले होते. एका शब्दाने पोळं उठतं हे त्यांना लिहून सांगावं लागत होतं आणि ते ऐकतही होते.

वर पोचल्यावर चहूकडे रान पसरलेलं होतं, आणि वारा. श्रीपादने डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. मीनाक्षी धावत आली. तिला वाटलं चक्कर आली.

"काय होतंय?"

"काही नाही," श्रीपाद म्हणाला. "ऐकतोय."

मीनाक्षीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी तो बाथाला गेला. चहा आला. श्रीपादने सगळं सांगितलं. टोपलीचा पट्टा, फरशीची थरथर, दालचिनीची साल आतून ओलसर असते ते, जिन्याचं लोखंड उन्हात तापून हाताला चटका देतं ते. भाई ऐकत होते. मध्येमध्ये ते डोळे मिटत आणि ओठ हलवत, उद्या परीक्षा असल्यासारखे.

"पाटी कुठल्या भाषेत?" त्यांनी विचारलं. "ती विचारेल."

"तीन-तीन भाषांत. आणि गांधीलमाशीचं चित्र."

"नाईकबाईंनी पाटीचं नव्हतं सांगितलं."

"त्यांचा गुडघा दुखत होता, भाई."

भाई हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. मग म्हणाले, श्रीवर्धनचं पक्कं झालं, निकाह रमजाननंतर. भाभींचं कसं आहे, हे श्रीपादने विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. आता उजेड आणि अंधार कळतो. दारात माणूस उभा राहिला तर तेवढा दाराचा उजेड कमी होतो, त्यावरून ती ओळखते कोण आलं. सुहानाला आता कळलंय. बाकी घराला अजून वाटतं की बाई लग्नाच्या काळजीने गप्प गप्प असते.

"पुढच्या सुट्टीत जाल ना तुम्ही दोघं?" असं श्रीपादला विचारायचं होतं, पण ते त्याला विचारता आलं नाही. त्याऐवजी त्याच्या मनात दुसरंच काहीतरी आलं, आणि मनात आलं की ते तोंडात येणारच, हा त्याचा स्वभाव श्रीलंकेनेही बदलला नव्हता.

"भाई, या शुक्रवारी मीच भाभींशी फोनवर बोलू का?" तो पुढे सरकून म्हणाला. "मी स्वतः बघून आलोय. एकेक जागा नीट सांगेन, वासासकट. तुम्ही नुसता फोन धरा."

मोहियुद्दीनभाईंनी कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, धाकट्या भावाकडे बघावं तसं.

"नको," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलेलं गावभर होतं."